फड्या निवडुंग मरतो, मग त्या जमिनीचं काय? उत्तर लायकिपियातलं एक प्रकरण

हे प्रकरण केनियातल्या लायकिपिया काउंटीच्या उत्तर भागातल्या एका सामुदायिक राखीव क्षेत्राचं आहे. जमीन मासाई पशुपालकांच्या सामाईक मालकीची, आणि गुरं व वन्यप्राणी एकाच माळावर चरणारे. क्षेत्राचं आणि माणसांचं नाव गाळलं आहे, ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. निवडुंग, कीड आणि त्या प्रदेशाबद्दलची माहिती मात्र जशीच्या तशी आहे.

पार्श्वभूमी

माउंट केनियाच्या वायव्येला लायकिपियाचं पठार पसरलं आहे. दक्षिणेकडे पाऊस बऱ्यापैकी पडतो. उत्तरेकडे मुकोगोडोच्या अंगाला उतरत गेलं की पाऊस कमी होत जातो आणि बाभळीच्या कुळातली काटेरी झाडं विरळ होऊ लागतात. झाडांच्या मधल्या गवतावर गाई, शेळ्या-मेंढ्या, उंट, झेब्रे आणि हरणं सगळ्यांचीच गुजराण चालते. लायकिपिया आणि शेजारचं सांबुरू मिळून त्सावोनंतरची केनियातली सर्वांत मोठी हत्तींची वस्ती इथे आहे, आणि जगात थोडेच उरलेले ग्रेवी झेब्रेही इथे दिसतात. यातले बरेच प्राणी राष्ट्रीय उद्यानात राहत नाहीत, ते लोकांच्या कुरणांवर राहतात. म्हणून कुरण बिघडलं की गुरं आणि रानजनावरं दोघांचंही एकदमच बिघडतं.

या प्रकरणातला निवडुंग म्हणजे ओपन्शिया स्ट्रिक्टा, फड्या निवडुंगाच्या अनेक जातींपैकी एक. त्याचं मूळ मेक्सिकोच्या आखाताचा किनारा आणि कॅरिबियन बेटं. निवडुंगाचं जवळजवळ अख्खं कूळच अमेरिका खंडांतलं आहे. आफ्रिकेत मूळची म्हणता येईल अशी एकच जात, ऱ्हिप्सॅलिस बॅसिफेरा, आणि ती दमट जंगलात झाडांवरून लोंबते. आफ्रिकेच्या माळावर निवडुंगासारखी दिसणारी जी उंच झाडं असतात ती थोराच्या, म्हणजे युफोर्बियाच्या कुळातली. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

स्ट्रिक्टा लायकिपियात आला तो वसाहतकाळात, गेल्या शतकाच्या मध्याला, डोलडोल या छोट्या गावी कुंपण आणि शोभा म्हणून. नंतरची काही दशकं तो गावाच्या आसपासच होता. म्हातारी माणसं सांगतात की त्यांच्या लहानपणी निवडुंग बघायला डोलडोलला जावं लागायचं. मग तो एकाएकी पसरला असं वाटतं खरं, पण त्यामागे बरीच कारणं एकाच वेळी जुळून आली. या भागात बबूनांवर अनेक दशकं काम केलेल्या शर्ली स्ट्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ही जुळणी नीट मांडली. पशुपालक कुटुंबं एका जागी स्थिरावली, चराईचा फिरता क्रम मोडला, गवत विरळ होऊन जमीन उघडी पडली, आणि नेमक्या त्याच काळात बबून आणि हत्ती या फळांना सरावले.

या वनस्पतीचं बळ समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत. ती दिवसा पर्णरंध्रं मिटून घेते आणि रात्री उघडते, त्यामुळे पाणी फार कमी खर्च होतं. फडा मोडून पडला तर तो जिथे पडेल तिथे मुळं धरतो. जांभळट लाल फळात डझनावारी बिया असतात आणि त्या जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. कोरड्या दिवसांत माळावर दुसरं काहीच रसाळ नसतं तेव्हा ही फळं असतात. बबून ती खातात आणि रात्री ज्या झाडांवर किंवा कड्यांवर झोपतात त्यांच्या पायथ्याशी बिया टाकतात. हत्ती खातात आणि लिदीतून मैलोन्‌मैल पुढे नेतात. एकाने गल्लीबोळात वाटायचं, दुसऱ्याने परगावी पोचवायचं, अशी ही विभागणी आहे.

अडचण

राखीव क्षेत्राचा कारभार पाहणाऱ्या समितीची बैठक ज्या दिवशी पहिल्यांदा फक्त निवडुंगासाठी बोलावली गेली, त्या दिवशी एक बाई आपली शेळी घेऊन आल्या होत्या. त्यांनी गुडघ्यात शेळीचं डोकं धरून जबडा उघडून दाखवला. ओठांच्या आतल्या बाजूला आणि जिभेवर बारीक, पिवळसर कुसांचा थर बसला होता. हे निवडुंगाचे मोठे काटे नव्हेत. फड्यावर आणि फळावर केसांहून बारीक, उलट्या दाताच्या कुसांचे झुपके असतात, ते बोटाला नुसते लागले तरी निघत नाहीत. शेळीच्या तोंडात ते घुसतात, जागा सुजते, पू होतो, चारा तोडता येत नाही. डोळ्यात गेले तर डोळा जातो. फळांच्या कठीण बिया पोटात साचतात ते वेगळंच. बाई म्हणाल्या, हिला मी रोज सकाळी कालवण भरवते, अजून किती दिवस भरवू?

ही एकट्या त्यांची गोष्ट नव्हती. लायकिपियातल्या पशुपालकांविषयी 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळपास निम्म्या कुटुंबांनी या निवडुंगामुळे होणारा वार्षिक तोटा 500 ते 1,000 अमेरिकी डॉलरच्या घरात सांगितला होता. ज्यांची सगळी मिळकत कळपावर आहे त्यांच्यासाठी हा आकडा म्हणजे मुलांच्या शाळेची फी आणि दुष्काळातली बेगमी.

रानजनावरांच्या बाजूने चित्र जास्त गुंतागुंतीचं होतं, आणि समितीत यावरूनच पहिला मतभेद झाला. हत्ती कमी झाले नव्हते, उलट निवडुंगाच्या जाळीत ते हमखास दिसत. पर्यटकांच्या गाड्या तिथेच थांबत. त्यामुळे पर्यटनाचं काम पाहणाऱ्यांना वाटत होतं की वन्यजीवांना यात काही त्रास नाही. गुराख्यांचं निरीक्षण वेगळं होतं. फळांच्या मागे हत्ती वस्तीच्या जवळ येऊन राहू लागले होते आणि पहाटे पाण्याला निघालेल्या बायकांची गाठ त्यांच्याशी पडू लागली होती. बबूनांचे कळप बोम्यांच्या, म्हणजे गुरांच्या काटेरी वाड्यांच्या, अगदी अंगाला आले होते आणि कोकरं उचलत होते. गवतावर जगणारे झेब्रे आणि हरणं मात्र दाट जाळीच्या बाहेरच्या पट्ट्यात दाटीने चरत होती, गुरांबरोबर त्याच उरल्यासुरल्या गवतावर. दोन्ही बाजूंचं खरं होतं. एखादी परकी वनस्पती काही प्राण्यांना पोसते आणि काहींच्या तोंडचा घास काढून घेते. नुसते हत्ती मोजून कुरणाची तब्येत कळत नाही.

समोर असलेले पर्याय

काहीच न करणं हा पर्याय कुणी उघड मांडला नाही, पण आधीची वीस वर्षं प्रत्यक्षात तोच चालू होता.

तोडून पुरणं सगळ्यांना ओळखीचं होतं. तरुणांच्या टोळ्यांनी याआधी एका पाणवठ्याभोवती ते केलंही होतं. फडे कोयत्याने तोडायचे, काटेरी फांदीवर टोचून ओढत न्यायचे, खोल खड्ड्यात टाकून मातीखाली दाबायचे. घराच्या, शाळेच्या, पाणवठ्याच्या आसपास याला तोड नाही. पण वाटेत पडलेला प्रत्येक तुकडा नवं झाड होतो, आणि पुढच्या पावसानंतर ओढत नेलेल्या त्याच वाटेने निवडुंगाची रांग उगवलेली त्यांनी पाहिली होती. मोठ्या यंत्राने उपटण्याचा प्रस्ताव एका शेजारच्या खासगी रँचच्या अनुभवावरून आला. तो खर्चामुळे मागे पडला. माझ्या मते खर्च नसता तरी तो इथे नकोच होता. यंत्र निवडुंगाबरोबर मातीचा वरचा थरही उलटवतं, आणि उघडी माती हीच तर या निवडुंगाची आवडती जागा.

तणनाशकाबाबत दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचा अनुभव हाताशी होता. तिथे हाच स्ट्रिक्टा 1953 मध्ये स्कुकुझाला शोभेसाठी लावला गेला आणि पुढे हजारो हेक्टरांवर पसरला. 1980 च्या दशकात तिथे फवारणीची मोठी मोहीम चालली. मोठी झाडं मेली, गवतात दडलेली रोपं फवारणाऱ्यांच्या नजरेतून सुटली आणि दरवेळी त्यातूनच नवी फौज उभी राहिली. उद्यानाकडे माणसं आणि पैसा असूनही ही गत झाली, तर मासाई समितीच्या हाती दोन पाठपंप देऊन काय साधणार होतं?

चौथा पर्याय वापराचा होता. एका महिला गटाने फळांचा रस आणि जॅम करायला सुरुवात केली होती, आणि काटे जाळून फडे गुरांना घालण्याचे प्रयोगही झाले होते. गटाच्या बायकांचा प्रश्न थेट होता: जे फुकट उगवतं ते मारायला निघालात, मग आम्हाला काय देणार? या प्रश्नाला त्या बैठकीत समाधानकारक उत्तर मिळालं नाही. वापराने निवडुंग आटोक्यात येत नाही हे खरं आहे. फळं काढण्याचा वेग पसरण्याच्या वेगाच्या जवळपासही जात नाही, आणि मिळकत सुरू झाली की झाड टिकवण्यात हितसंबंध तयार होतो. पण त्या बायकांना मिळणारा पैसाही खरा होता.

शेवटचा पर्याय होता कीड, आणि त्यातही दोन उमेदवार. पहिला म्हणजे कॅक्टोब्लास्टिस हा पतंग. अर्जेंटिनातून 1925 मध्ये आणलेल्या या पतंगाच्या अळ्यांनी ऑस्ट्रेलियातला निवडुंग पोखरून काढला. तिथे तेव्हा सुमारे 2 कोटी 40 लाख हेक्टर जमीन निवडुंगाखाली गेली होती. क्रुगरमध्येही हा पतंग 1988 मध्ये सोडला गेला, पण तिथे एकट्याने काम भागलं नाही. शिवाय तो फड्या निवडुंगाच्या जातींमध्ये फारसा भेद करत नाही, लागवडीचा निवडुंगही खातो.

दुसरा उमेदवार कोचिनील. आपल्या शेतकऱ्यांना ओळखीच्या पिठ्या ढेकणाचा हा लांबचा भाऊबंद. मादीला पंख नसतात. ती फड्याला सोंड खुपसून बसते ती जन्मभर तिथेच, अंगावर पांढऱ्या मेणाचा कापूस पांघरून. चिरडली तर गडद लाल रंग निघतो, तोच कार्मिन. या किड्याची पहिली कामगिरी भारतातली आहे आणि ती अपघाताने घडली. 1795 मध्ये ब्राझीलहून बंगालमध्ये कोचिनील आणला गेला तो रंगाच्या धंद्यासाठी. आला मात्र वेगळ्याच जातीचा किडा. रंग हलका निघाला, पण त्या किड्याने तिथला निवडुंग फस्त करायला सुरुवात केली. 1860 च्या दशकात तो मुद्दाम श्रीलंकेत नेण्यात आला. 1926 मध्ये त्याचा चुलतभाऊ डॅक्टिलोपियस ओपन्शिए दक्षिण भारतात सोडला गेला, तो स्ट्रिक्टाच्याच अगदी जवळच्या डिलेनी निवडुंगावर. लायकिपियासाठी विचार होता तो याच डॅक्टिलोपियस ओपन्शिएचा.

त्यात एक मेख आहे. एकाच जातीच्या या किड्याचे वेगवेगळे वाण वेगवेगळ्या निवडुंगांवर जगतात. लागवडीच्या फिकस-इंडिका निवडुंगावर पोसलेला वाण स्ट्रिक्टावर नीट वाढत नाही, आणि उलटही तसंच. क्रुगरमध्ये योग्य वाण सापडून 1997 मध्ये सोडल्यावरच गाडी रुळावर आली. तोच स्ट्रिक्टाचा वाण दक्षिण आफ्रिकेतून, विलगीकरणाच्या चाचण्या करून, केनियात आणला गेला आणि गेल्या दशकाच्या मध्याला लायकिपियात सोडायला सुरुवात झाली होती. समितीला किडा नव्याने आणायचा नव्हता. तो स्वीकारायचा की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

निर्णय आणि प्रत्यक्ष काम

ठराव झाला, पण सहज झाला नाही. ज्येष्ठांपैकी एका मझेंनी, म्हणजे तिथल्या बोलीत ज्यांना आदराने वडीलधारे म्हणतात अशा आजोबांनी, विचारलं की निवडुंग संपल्यावर हा किडा काय खाणार? त्यांच्या अंगणात कोरफडीची लागवड होती आणि बोम्याला थोराचं कुंपण. दोन्ही दिसायला निवडुंगासारखीच गुबगुबीत आणि काटेरी. तज्ज्ञांनी सांगितलं की हा किडा निवडुंगाच्या कुळाबाहेर जगत नाही. मझेंनी मान हलवली आणि म्हणाले, सांगू नका, दाखवा.

मग तसंच केलं. कीड लागलेले फडे कोरफडीच्या, थोराच्या आणि सुकुमा विकीच्या, म्हणजे तिथल्या रोजच्या पालेभाजीच्या, रोपांना चिकटून बांधले आणि मझेंच्या अंगणात कित्येक आठवडे तसेच ठेवले. फडे वाळून गेले. पिल्लं रोपांवर चढलेली दिसली, पण कापूस कुठेच धरला नाही. गावातली मुलं रोज येऊन बघत होती. एका मुलीने किडा चिरडून लाल झालेली बोटं सगळ्यांना दाखवली तेव्हा एकदोघी घाबरल्या, त्यांना ते रक्त वाटलं. या सगळ्यात एक हंगाम गेला. बाहेरून आलेल्या सल्लागारांना हा उशीर खटकला होता. मला तो या प्रकरणातला सर्वांत चांगला खर्च झालेला वेळ वाटतो. पुढे कुणी कीड लागलेली झाडं जाळली नाहीत की अफवा उठवल्या नाहीत, त्याचं श्रेय त्या अंगणाला आहे.

किडा वाढवायला शेडनेटची एक छोटी खोली उभारली. आत लाकडी मांडण्या, त्यावर निरोगी फडे उभे करून मध्ये कीड लागलेला एखादा. काही आठवड्यांत सगळे पांढरे होतात. मग ते क्रेटमध्ये भरून माळावर न्यायचे आणि झाडाच्या मध्यावर दोन फड्यांच्या बेचक्यात खुपसायचे. नुकती जन्मलेली पिल्लं मेणाच्या लांब धाग्यांवर वाऱ्याने उडून पुढच्या झाडावर जातात, त्यामुळे वारा येतो त्या बाजूच्या झाडांपासून सुरुवात करायची.

पहिल्याच सोडणीत दोन चुका झाल्या. पहिली वेळेची. निधीचं वर्ष संपत आलं होतं, म्हणून क्रेट ऑक्टोबरात माळावर गेले. नोव्हेंबरच्या पावसाने किडे अक्षरशः धुऊन नेले. कोचिनीलला जोरदार पाऊस सोसत नाही, त्याची भरभराट कोरड्या, उबदार दिवसांत होते. जानेवारीत, पाऊस ओसरल्यावर, तेच काम पुन्हा केलं तेव्हा फेब्रुवारीअखेर पांढरे ठिपके लांबून दिसू लागले.

दुसरी चूक ओळखण्याची. नदीपलीकडच्या उतारावर निवडुंगाची दाट जाळी होती आणि सगळ्यांच्या लेखी तोही तोच निवडुंग. तिथे कोरड्या हंगामात सोडलेला किडाही रुजला नाही. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला एका तरुण गुराख्याने दोन्हीकडचे फडे शेजारी ठेवले. इकडचा फडा लहान, काटे थोडे आणि पिवळे. तिकडचा फडा मोठा, जाड, त्यावर पांढुरक्या काट्यांचे झुपके, आणि झाडही माणसाहून उंच. ते ओपन्शिया एंगलमनी निघालं. लायकिपियात ही जातही पसरली आहे आणि स्ट्रिक्टाचा वाण तिच्यावर तग धरत नाही. ज्याने आयुष्यभर गुरांमागे हे दोन्ही निवडुंग पाहिले होते, त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

परिणाम

स्ट्रिक्टाच्या पट्ट्यात पहिल्या वर्षी झाडं मेली नाहीत, पण फळं झपाट्याने कमी झाली. बैठकीत याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण डोळ्यांना हिरवी जाळी तशीच दिसत होती. खरं तर सर्वांत मोठा फायदा तिथेच होता. फळ नाही तर बबून आणि हत्तींबरोबर जाणारं बी नाही. नंतर फडे पिवळे पडले, लोंबले आणि एकेक जाळी आतल्या आत बसत गेली. वाळलेल्या फड्यांचा करड्या जाळीदार सांगाडा उरला, पायाखाली कुरकुरणारा.

मग 2020 च्या अखेरीपासून उत्तर केनियात सलग पाच पावसाळे हुकले. किड्याला कोरडं मानवतं, त्यामुळे निवडुंग आणखी वेगाने खचला. पण त्याच वेळी जे घडलं त्याचा अंदाज कुणी बांधला नव्हता.

निवडुंगाच्या जाळीत जनावराचं तोंड पोचत नाही. त्यामुळे काट्यांच्या आडोशाला गवताचे ठोंब आणि स्थानिक झुडपांची रोपं टिकून होती. बाहेर सगळं खरवडून खाल्लेलं, आत थोडी शिल्लक. परका निवडुंग अतिचराईच्या माळावर स्थानिक वनस्पतींना आसरा देतो, हे केनियातल्या एका अभ्यासाने 2018 मध्ये दाखवलं होतं. समितीपर्यंत ते पोचलं नव्हतं. जाळ्या बसल्या, वाटा मोकळ्या झाल्या आणि उपाशी शेळ्या आत घुसल्या. दुष्काळात त्यांना अडवायचं कुणी आणि कोणत्या तोंडाने? काही महिन्यांत, निवडुंगाने नकळत राखून ठेवलेलं गवताचं बियाणंच संपत आलं. एका पट्ट्यात निवडुंगही गेला आणि गवतही गेलं. 2023 चा पाऊस आला तेव्हा त्या पट्ट्यातून लाल पाणी वाहिलं, आणि जमिनीत पडून असलेल्या बियांतून निवडुंगाचीच रोपं आधी उगवली.

दुसऱ्या पट्ट्यात मात्र गोष्ट वेगळी झाली. तिथल्या चार-पाच कुटुंबांनी आपसांत ठरवून वाळलेल्या काटेरी फांद्या टाकून जागा बंद ठेवली होती. पाऊस आल्यावर त्यांनी उतारावर अर्धचंद्राकृती बांध घातले आणि त्यात अंजन गवताचं बी टाकलं. हे गवत तिथलं मूळचंच. शिवाय गुरांचा रात्रीचा बोमा काही आठवडे एका उघड्या जागेवर आणि मग दुसऱ्या, असा फिरवत ठेवला. शेणामुताने ती जागा कसदार होते, आणि लायकिपियात जुन्या बोम्यांच्या जागी झालेली हिरवीगार कुरणं कित्येक दशकं टिकून राहिलेली, झेब्रे आणि हरणं मुद्दाम तिथे चरायला येत असलेली सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या पट्ट्यात गवत धरलं. निवडुंगाची रोपं तिथेही आली, पण गवताच्या सावलीत खुरटी आणि हाताने उपटण्याजोगी.

महिला गटाचा रसाचा धंदा दोन हंगामांत बंद पडला. रस्त्यालगतची एक जाळी त्यांच्यासाठी राखून ठेवू, असं बैठकीत तोंडी ठरलं होतं. किड्याला ती हद्द कळणार नव्हती. बायकांनी साबणाचं पाणी मारून पाहिलं, मग नाद सोडला. गटातल्या काहीजणी कोरफडीकडे आणि मधाकडे वळल्या, काहींनी गट सोडला. शेळी घेऊन आलेल्या बाईंच्या कळपातली तोंडं मात्र बरी झाली. दोन्ही गोष्टी एकाच किड्याने केल्या आहेत.

आज पुन्हा करायचं झालं तर

किडा स्वीकारण्याचा मूळ निर्णय मी बदलणार नाही. इतक्या मोठ्या क्षेत्रावर, इतक्या कमी पैशात, फळं थांबवणारं दुसरं साधन नव्हतं. बदलायला हवा होता तो निर्णयाचा आवाका. ठराव होता ‘निवडुंग नियंत्रणाचा’. तो ‘कुरण परत आणण्याचा’ असता तर गवताचं बी, बांध आणि चराईबंदीची बोलणी शेडनेटच्या आधी सुरू झाली असती. जाळी बसायला लागणारी एक-दोन वर्षं म्हणजे तयारीला मिळालेली उसंत होती, आणि ती फडे मोजण्यात गेली. किडा कुठे आधी सोडायचा हेही त्यावरूनच ठरायला हवं होतं: जिथली कुटुंबं जागा बंद ठेवायला तयार आहेत तिथे पहिल्यांदा. सगळीकडे एकदम जाळ्या पाडायची घाई नव्हती.

महिला गटाशी झालेला व्यवहार मला सगळ्यात जास्त बोचतो. एकदा माळावर गेलेला किडा परत बोलावता येत नाही, ही गोष्ट ठरावाच्या दिवशी तज्ज्ञांना ठाऊक होती, समितीलाही ठाऊक होती, आणि तरी राखीव जाळीचं आश्वासन दिलं गेलं, कारण त्या दिवशी वाद टाळायचा होता. खरं सांगितलं असतं तर कदाचित ठराव सहा महिने लांबला असता. पण त्या सहा महिन्यांत कोरफडीची रोपं तरी लावून झाली असती. ज्यांचं नुकसान होणार हे आधी दिसतंय, त्यांची सोय आराखड्यातच असायला हवी, नंतरच्या सहानुभूतीत नाही.

जात ओळखण्याबद्दल फार लिहायला नको. दोन फडे शेजारी ठेवायला अर्धा तास लागतो. इथे त्याच्याअभावी सगळं काम नदीपलीकडे दोनदा वाया गेलं. हेच वेळापत्रकाचंही: किड्याचा हंगाम निधीच्या वर्षाप्रमाणे चालत नाही. पैसे देणाऱ्यांना हे लेखी सांगायची हिंमत समितीने पहिल्याच वर्षी करायला हवी होती. पुढे केली, आणि त्यांनी ते ऐकलंही.

दुष्काळात चराईबंदी कशी टिकवायची, याचं उत्तर मात्र या प्रकरणातून मिळत नाही. ज्या कुटुंबांनी जागा बंद ठेवली त्यांचे नातेवाईक दक्षिणेकडे होते आणि कळपाचा एक भाग तिकडे हलवणं त्यांना जमलं. दुसऱ्या पट्ट्यातल्यांना तशी सोय नव्हती. त्यांना निष्काळजी म्हणणं अन्यायाचं होईल.

सध्या पावसानंतर दर काही दिवसांनी तरुणांची एक टोळी बबूनांच्या झोपण्याच्या झाडांखाली फिरते. हातात टोकदार काठी आणि गोणपाटाचा तुकडा. दोन फड्यांचं, बोटाएवढं रोप असतं तेव्हाच ते मुळासकट निघतं. शेडनेटची खोली अजून चालू आहे, कारण जोराच्या पावसाच्या वर्षी माळावरचा किडा कमी होतो आणि जानेवारीत पुन्हा थोडे क्रेट न्यावे लागतात. नदीपलीकडची एंगलमनीची जाळी तशीच उभी आहे, आणि फळांच्या दिवसांत हत्ती आता तिकडे जातात.